टेंभुर्णीचे पान

विदर्भात ज्या झाडास टेंभुर्णी वा टेंभरू म्हणतात, त्यालाच इकडे छत्तीसगढात तेंदू हे नाव आहे. रायपुरास बदलून येणाऱ्या मराठी माणसास ते अपरिचित नसते. परंतु त्याच्या पानाने शास्त्रज्ञांस व वनाधिकाऱ्यांस ज्या पेचात टाकले, त्याची हकीकत आमच्या वाचनात मराठीत क्वचितच आली.

विल्यम रॉक्सबर्ग याने १७९५ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात ह्या झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले. लवदार पानांच्या झाडास मात्र त्याने वेगळी जात मानून निराळे नाव दिले. पुढे अनेकांनी ह्या दोन्ही एकाच झाडाच्या तऱ्हा ठरविल्या, तर काहींनी भेद कायम ठेवला. वादास कारण पानच. एकाच रानात उभ्या वृक्षाच्या शेंड्याचे उन्हातले पान लहान, जाड व चिवट असते. त्याच्याच मुळातून फुटलेल्या धुमाऱ्याचे पान रुंद व मऊ. केवळ पानावरून जात ओळखू पाहणारा येथे हमखास फसावयाचा.

मोठे पान उन्हात लवकर तापते व निरभ्र रात्री लवकर गारठते. २०१७ मध्ये जगातील ७,६७० जातींच्या पानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही पानाच्या आकारमानाची मर्यादा दिवसाचा ताप व रात्रीचा गारठा ह्यांनीच मुख्यतः ठरते असे दिसले. मग चैत्र-वैशाखाच्या रखरखाटात तेंदूचा धुमारा एवढे पान धरतो कसा? ह्याचे उत्तर भुईखाली आहे. वरचा भाग तोडला किंवा जळला, तरी वाढलेले खोल मूळ शाबूत असते. त्यातील साठा व ओल मोजक्याच फुटव्यांच्या वाट्यास येते. म्हणजे हवापाण्याबरोबर कुऱ्हाड आणि वणवा ह्यांचाही पानाच्या घडणीत हात आहे!

विडीचा धंदा वाढला तशी ह्या गोष्टीस किंमत आली. विडीला पातळ, लवचीक, निर्दोष पान लागते. म्हणून फेब्रुवारी-मार्चात झुडपे छाटण्याची रीत पडली. छाटणीला मजुरी लागते, आगीला एक काडी पुरते. तेव्हा पाने चांगली यावीत म्हणून रानास आग लावण्याचे प्रकारही घडत आले. त्या आगीत तेंदू तगतो, कारण त्याचे मूळ चिवट. इतर झाडांची कोवळी रोपे मात्र होरपळतात. वनखात्याचा आगीला विरोध आम्हांस रास्त वाटतो. पण ज्या घरची उन्हाळ्याची रोकड ह्या पानांवर अवलंबून, त्या घरास नुसती बंदी सांगून भागत नाही. छाटणीची मजुरी वेळेवर पोहोचली पाहिजे.

१९६४ च्या मध्यप्रदेश कायद्याने पानांचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. तेव्हा छत्तीसगढ त्याच राज्यात होते. महाराष्ट्राने वनोपजाच्या व्यापारासाठी १९६९ मध्ये कायदा केला. २००० मध्ये छत्तीसगढ वेगळे झाले, तरी माप तेच राहिले: पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचे एक मानक पोते. २०२४ मध्ये येथे पोत्याचा दर साडेपाच हजार रुपये ठरला, म्हणजे पानामागे अकरा पैसे. पहाटे रानात जाऊन दुपारी घरी गड्ड्या बांधणाऱ्या बायका संध्याकाळी त्या फडावर आणतात. तेथे डागाळलेले, फाटलेले किंवा फार लहान पान बाजूला पडते. त्याचे अकरा पैसे मिळत नाहीत.