साबणाच्या पाण्यातले पुंजके

पाण्यात रेणू आपणहून जुळून नॅनोमीटरच्या मापाच्या रचना उभ्या करतात, हे ज्ञान 'नॅनोटेक्नॉलॉजी' या १९७४ सालच्या शब्दाहून बरंच जुनं आहे, आणि ते साबणाने दिलं आहे. इंग्लंडमधलं ब्रिस्टल हे मध्ययुगापासून साबणासाठी नावाजलेलं बंदर. तिथल्या विद्यापीठात कॅनडात जन्मलेले जेम्स विल्यम मॅकबेन साबणाचं पाणी तपासत होते, आणि मोजमापांचा मेळ बसत नव्हता. परासरण दाब पाहावा तर पाण्यात सुटे कण फारच थोडे. वीज सोडून पाहावी तर ती चांगली वाहते, म्हणजे भारित कण भरपूर. दोन्ही खरं असायचं तर एकच वाट उरते: साबणाचे भारित रेणू पुंजके करून राहतात, आणि पुंजका भार घेऊनच फिरतो. १९१३ साली मॅकबेन यांनी हे मांडलं. या पुंजक्याला आज मिसेल म्हणतात. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात, मग ते गोळा कसे होणार, ही शंका रास्तच होती. पण साबणाच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं, तेलकट शेपटीला मात्र पाणी सामावून घेत नाही. शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी मांडणी झाली की दोघांची सोय होते. कपड्यावरचा तेलकट मळही याच पुंजक्यांच्या पोटात शिरतो.

रिठ्याच्या पाण्यात रेशीम आणि दागिने धुणाऱ्यांनी हे काम कितीतरी आधीपासून केलं, मग श्रेय प्रयोगशाळेला का, असं कुणी विचारेल. रिठ्यातली सॅपोनिनंही असेच पुंजके करतात, आणि धुणाऱ्यांचं कसब खरंच होतं. पण फेस दिसतो, पुंजका दिसत नाही. तो मोजमापांतल्या विसंगतीतूनच पकडावा लागला. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पातळ द्रावणातही पापुद्र्यांसारखे थरांचे पुंजके असतात, असं मॅकबेन मानत. १९३६ साली रसायनशास्त्रज्ञ हार्टली यांनी गोल पुंजक्याचं चित्र मांडलं आणि पातळ द्रावणापुरतं तेच टिकलं. मात्र हा वाद पुंजक्याच्या आकाराचा होता, त्याच्या असण्याचा नव्हे.

याच मॅकबेन यांना पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं पहिलं संचालकपद मिळालं. जानेवारी १९५० मध्ये तिचं उद्घाटन झालं तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. मिसेलचा शोध पुण्याचा नव्हे, हे उघड आहे. तरी पुण्यातल्या रसायनशास्त्राचा इतिहास लिहिताना ब्रिस्टलमधल्या त्या साबणाच्या पाण्यापासूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं.