शाळेतल्या मातकामाचा इतिहास

महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाती माती शाळेच्या कितीतरी आधी सणांनी दिली. बेंदराला आणि पोळ्याला मातीचे बैल, नागपंचमीला नाग, विदर्भ-खानदेशात भुलाबाई-भुलोजींची जोडी, भाद्रपदात गणपती आणि दिवाळीत अंगणातला किल्ला, अशी ती वर्षातून अनेकदा घरी येत असे. हे शिक्षण कुणी शिक्षण म्हणून दिले नव्हते. कुंभार किंवा मूर्तिकार काम करत असताना शेजारी बसलेले पोर उरलेला गोळा उचलून काहीतरी घडवू लागे, एवढीच त्याची पद्धत.

मातीकामाला अभ्यासाचे रूप मिळाले ते मुंबईत. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग तेथे वास्तुशिल्पाचे शिक्षक म्हणून आले. त्यांच्या काळात शिल्पाचा वर्ग आणि शहराचे बांधकाम एकमेकांना जोडले गेले. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पे किपलिंगांची. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडी सजावटीत जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. दगडात उतरणाऱ्या अशा नक्षीचा नमुना आधी मातीत घडवायचा, मग त्याचा साचा काढायचा, ही शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडली. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच, 1896 मध्ये, ‘मंदिरपथगामिनी’ हे प्लास्टरमधले शिल्प घडवले. नऊवारीतल्या त्या तरुणीच्या लुगड्याच्या चुण्या पाहिल्या की मातीवर फिरलेला हात किती तयार होता हे कळते.

सणाची माती आणि कलाशाळेची माती यांची गाठ विनायक पांडुरंग करमरकरांच्या आयुष्यात पडलेली दिसते. अलिबागजवळच्या सासवने गावी 1891 मध्ये त्यांचा जन्म झाला. घरी गणपतीच्या मूर्ती घडत, त्यामुळे माती मळणे आणि अवयव जोडणे त्यांना लहानपणापासून येत होते. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिले आणि त्यांना जे. जे.मध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (1928) त्यांचाच. सासवन्याच्या त्यांच्या घरात आज त्यांचे शिल्पसंग्रहालय आहे आणि शाळांच्या सहली तेथे जातात.

एवढी परंपरा असूनही सर्वसाधारण शाळेत माती शिरली नाही, याचे मोठे कारण परीक्षेत आहे. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना चित्रकलेची गोडी लावली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती हे त्यांचे विषय सगळे कागदावरचे. कागद गोळा करून तपासायला पाठवता येतो. ओली मूर्ती पाठवता येत नाही. त्यामुळे चित्रकलेचा शिक्षक नेमला गेला, त्याला फळा आणि खडू मिळाले, मात्र मातीची टाकी, लाकडी पाट आणि मूर्ती वाळवायला जागा बहुतेक शाळांत कधी आलीच नाही.

माती टिकली ती बालवाडीत. जर्मनीत फ्रोबेलने किंडरगार्टनमधल्या हस्तव्यवसायांत मातीकामाला स्थान दिले होते. भारतात बालशिक्षणाला देशी रूप देण्याचे मोठे काम गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी केले. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. 1957 मध्ये ते कोसबाडला हलले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे चालवले. मॉन्टेसरीची महाग साधने आदिवासी पाड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, दगड, पाने आणि माती आली. मुलाच्या बोटांना वळण लावायला मातीचा गोळा पुरेसा आहे, हे या दोघींनी ओळखले. महाराष्ट्राच्या कलाशिक्षणात त्यांचे नाव चित्रकारांइतक्याच आदराने घ्यायला हवे.

प्राथमिक शाळेत मातकाम पुढे कार्यानुभवाच्या तासाला आले. फळे, भाज्या, पणत्या, फार तर एखादी उठावाची फरशी, यापलीकडे ते क्वचितच गेले.

अलीकडे माती पुन्हा शाळेत आली ती गणेशोत्सवाच्या वाटेने. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींमुळे होणाऱ्या जलप्रदूषणाबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2020 मध्ये त्या अधिक कडक केल्या. त्या दरम्यान शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळा शाळाशाळांत रुळल्या. शाडू मुख्यतः गुजरातेतून येतो. तो चाळून भिजवतात आणि कणकेसारखा मळतात. आधी पाट, त्यावर मांडी, मग पोट, हात आणि शेवटी सोंड, असा क्रम असतो. नवख्या मुलाची सोंड हमखास गळून पडते, कारण सांधा कोरडा राहतो. जाणता मूर्तिकार दोन्ही बाजूंना टोकदार काडीने ओरखडे काढतो, त्यांवर पातळ शाडू लावतो आणि मगच सोंड दाबून बसवतो. मूर्ती सावलीत वाळवावी लागते. उन्हात ठेवली की वरचा थर आधी आक्रसतो आणि तडे जातात. जाड भाग आतून पोकरला तर हा धोका कमी होतो.

या कार्यशाळा बहुधा श्रावणात होतात आणि अनेक ठिकाणी शिकवायला मूर्तिकारच येतात. पेण-हमरापूरसारख्या गावांत तर वर्गातल्या काही मुलांच्या घरीच कारखाना असतो, आणि शिक्षकाआधी तीच बाकीच्यांच्या चुका दुरुस्त करतात.