अंधार कोणी ठरवायचा? बुधवार पेठेतील रुपेरी पडद्यापासून घरातील एचडीआरपर्यंत

आजचा धागा एका तक्रारीपासून सुरू होतो. माझ्या मामांनी नवा टीव्ही घेतला. बातम्या लख्ख दिसत, क्रिकेटही लख्ख. मात्र ओटीटीवरील एखादी मालिका लावली आणि कोपऱ्यात ‘एचडीआर’ ही अक्षरे झळकली, की चित्रावर काजळी धरल्यासारखे होई. रात्रीचे प्रसंग तर केवळ ऐकायचे. एका दुरुस्ती कारागिराने निदान केले : बॅकलाइट उतरली आहे, आतल्या एलईडी पट्ट्या बदलाव्या लागतील.

पुण्यात अशा पट्ट्यांचा भाव काढायचा तर पाय आपोआप बुधवार पेठेकडे वळतात. पासोड्या विठोबाच्या परिसरातील तपकीर गल्ली ही विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुनी बाजारपेठ. आम्हीही तेथे गेलो आणि पट्ट्या न घेताच परतलो. संचात बिघाड नव्हताच. चित्र अंधारे का दिसत होते, याचे उत्तर त्याच पेठेतील एका चित्रपटगृहाच्या इतिहासात दडलेले आहे.

ते चित्रपटगृह म्हणजे अप्पा बळवंत चौकाजवळचे ‘प्रभात’. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. पुढच्याच वर्षी किबे घराण्याच्या वास्तूत हे चित्रपटगृह सुरू झाले. आज तीच वास्तू ‘किबे लक्ष्मी थिएटर’ म्हणून ओळखली जाते.

१९३४ हेच वर्ष ‘अमृतमंथन’चे. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, केशवराव धायबर यांचे छायाचित्रण, आणि प्रभातच्या पुण्यातील स्टुडिओतला हा पहिला चित्रपट. राजगुरूची भूमिका मराठी आवृत्तीत केशवराव दाते यांनी, तर हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांनी केली. पडदा व्यापून टाकणारा चंद्रमोहन यांचा तो डोळा चित्रपटाच्या इतिहासात अजरामर झाला. पण त्या डोळ्याला जी धार आली, ती भोवतीच्या काळोखामुळे. जर्मन चित्रपटांच्या छायाप्रकाशाचा संस्कार या चित्रपटावर स्पष्ट दिसतो. सावली ही येथे प्रकाशाची उणीव नाही. ती कथेतील एक पात्रच आहे.

आता एक आकडा पाहू. पडद्याची तेजस्विता मोजण्याचे एकक आहे ‘निट’. एका चौरस मीटर पृष्ठभागातून साधारण एका मेणबत्तीएवढे तेज बाहेर पडत असेल, तर ती एक निट. चित्रपटगृहांसाठी पुढे जो मानदंड रूढ झाला, त्यात कोऱ्या पडद्यावरचा पांढरा प्रकाश असतो सुमारे ५५ निट. आजच्या डिजिटल चित्रपटगृहात तो ४८ निट धरतात.

अठ्ठेचाळीस! मामांचा ‘अंधारा’ टीव्ही ३०० निटच्या आसपास प्रकाश देऊ शकतो. म्हणजे ज्या पडद्यासमोर पिढ्यान् पिढ्या प्रेक्षकांचे डोळे दिपले, त्याच्या सहापट. तरीही दिवाणखान्यात काहीच दिसत नाही. या विरोधाभासात सगळी मेख आहे.

उलगडा डोळ्यांत आहे आणि भिंतींत. चित्रपटगृहाची भिंत काळोखी असते, डोळा हळूहळू त्या काळोखाला सरावतो. हा सराव पूर्ण व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणूनच उशिरा येणाऱ्याला डोअरकीपरची बॅटरी लागे, आणि तोच माणूस मध्यंतरापूर्वी शेजाऱ्याचा चेहराही ओळखू लागे. घरातला हिशेब निराळा आहे. ट्यूबलाइटचा दीडशे लक्स प्रकाश पांढऱ्या भिंतीवर पडला आणि भिंतीने त्यातला ऐंशी टक्के परत फेकला, तर भिंतीचीच तेजस्विता अडतीस निटच्या घरात जाते. म्हणजे आपली रंगवलेली भिंत चित्रपटगृहाच्या पडद्याशी जवळजवळ बरोबरी करते! दुपारी खिडकीजवळ पाचशे लक्स असतील, तर ती पडद्याला मागे टाकते. त्यात टीव्हीची काच खोलीतला थोडा उजेड परत फेकते. रात्रीच्या दृश्यातील एखाद-दुसऱ्या निटचे बारकावे त्या परावर्तनात सहज विरघळतात.

चित्रपटगृहात अंधाराची राखण करणारा एक माणूस होता. प्रोजेक्शनच्या खोलीत कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटत असे. कांड्या जळत जात, त्यांतले अंतर वाढे, आणि ऑपरेटरने ते वेळेवर सांभाळले नाही तर पडदा मंदावे. मग पिटातून शिट्ट्या. या माणसाचे नाव श्रेयनामावलीत कधी आले नाही, पण धायबरांची सावली किती गडद दिसायची हे दर खेळाला त्याच्या हातात होते. पुढे झेनॉन दिवे आले आणि ही कसरत संपली.

आता घराकडे वळू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागले. कृष्णधवल संच, त्याला सरकते शटर, आणि पुढे दोन महत्त्वाची बटणे : ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट. चित्र गडद वाटले तर घरातले कोणीही उठून बटण पिळे. अनेक घरांत ट्यूब मालवून झिरोचा दिवा लावला जाई. ‘डोळ्यांना त्रास होऊ नये’ हे त्याचे लोकप्रसिद्ध कारण, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते.

त्या युगातील टीव्हीचा संकेत सापेक्ष होता. केंद्राकडून येणारा संदेश एवढाच, की हा बिंदू पूर्ण पांढरा आणि तो त्याच्या निम्म्या पातळीचा. ‘पूर्ण पांढरा’ म्हणजे किती निट, हे तुमचा संच आणि तुमचे बटण ठरवी. स्टुडिओत पुढे शंभर निटचा पांढरा गृहीत धरला गेला, तरी घरात तुम्ही तो दुप्पट-तिप्पट करू शकत होता. आणि संपूर्ण चित्र, सावल्यांसह, त्या पटीत उजळत असे. अंधाराची मालकी ऑपरेटरकडून प्रेक्षकाकडे आली होती.

२०१४ मध्ये ती पुन्हा हातची गेली. डॉल्बी प्रयोगशाळेत विकसित झालेली ‘पीक्यू’ नावाची पद्धत त्या वर्षी एसएमपीटीई या संस्थेने ‘एसटी २०८४’ या नावाने प्रमाणित केली. तिच्या मुळाशी पीटर बार्टेन यांचे मानवी दृष्टीच्या संवेदनक्षमतेवरील काम आहे. मानवी डोळा मंद प्रकाशातले फरक बारकाईने टिपतो, प्रखर प्रकाशातले तितके नाही. म्हणून पीक्यूने आपल्या पायऱ्यांचा मोठा वाटा अंधाराला दिला. शून्यापासून दहा हजार निटपर्यंतचा पल्ला, पण संकेत निम्म्यावर आला तरी प्रकाश जेमतेम ९२ निट!

येथे खरी क्रांती झाली. पीक्यूचा संकेत निरपेक्ष आहे. तो सांगतो, ‘हा बिंदू ०.५ निट, तो २०३ निट.’ तुमची खोली, तुमची खिडकी, तुमचा झिरोचा दिवा त्याच्या खिजगणतीत नाही. हे आकडे ज्या खोलीत ठरवले जातात, तिथे पडद्यामागील परिसर सुमारे पाच निट असावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. म्हणजे बुधवार पेठेतील काळोखे सभागृहच, फक्त लहान आकाराचे. थोडक्यात, चित्रपटगृहाचा अंधार आपल्या दिवाणखान्यात आला आहे, सभागृह मात्र आलेले नाही.

याला एक पर्यायही निघाला होता, हे इतिहासात नोंदवायला हवे. बीबीसी आणि जपानच्या एनएचके या प्रक्षेपण संस्थांनी ‘एचएलजी’ नावाची पद्धत आणली. ती सापेक्ष आहे, संचाच्या क्षमतेनुसार चित्र उजळते. या संस्थांचा प्रेक्षक दिवाणखान्यात बसतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण ओटीटीच्या चित्रपट-मालिकांत पीक्यूवर आधारलेले एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन यांचेच राज्य आहे.

वाद पेटला तो २०१९ मध्ये. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटच्या पर्वातील रात्रीच्या लढाईचा भाग कित्येकांना दिसलाच नाही. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनी जाहीरपणे चित्रणाचे समर्थन केले आणि प्रेक्षकांच्या टीव्हीच्या मांडणीकडे बोट दाखवले. गंमत अशी, की तो भाग तेव्हा एचडीआरमध्ये प्रसारितही झाला नव्हता. अंधाऱ्या चित्रात आकुंचित प्रसारणाने ठोकळे पाडले, हाही दोष होताच. माझे मत विचाराल तर वॅग्नर यांची बाजू अर्धीच बरोबर. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) अंधारातच जगतो, आणि तो उजळून पाहणे हा त्यावर अन्याय आहे. पण प्रेक्षकाची खोली कशी आहे याचा विचार न करता त्यालाच दोषी ठरवणे, हाही अन्यायच.

तर मामांच्या टीव्हीचे काय केले? प्रथम खात्री : साधे, एचडीआर नसलेले चित्र लख्ख असेल आणि फक्त एचडीआर काळवंडत असेल, तर बॅकलाइट शाबूत आहे. पट्ट्यांचा खर्च तिथेच वाचला. मग एचडीआर मालिका चालू ठेवूनच सेटिंग उघडले, कारण बहुतेक संच साध्या चित्राची, एचडीआर१०ची आणि डॉल्बी व्हिजनची मांडणी वेगवेगळी लक्षात ठेवतात. बातम्या लावून केलेला बदल एचडीआरला लागू होत नाही, आणि येथेच निम्मे लोक फसतात.

वीजबचतीचा पर्याय चालू होता. तो बंद करताच निम्मी काजळी उतरली. चित्रप्रकार ‘फिल्ममेकर’ होता. तो काळोख्या खोलीसाठीच घडवलेला, म्हणून दिवसा ‘सिनेमा होम’ ठेवला. डॉल्बी व्हिजनमध्ये ‘डार्क’ऐवजी ‘ब्राइट’ निवडले. काही संचांत खोलीचा उजेड मोजून चित्र सावरणारे डॉल्बी व्हिजन आयक्यू असते, मामांच्यात नव्हते. ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ मात्र होते. ३०० निटचा संच हजार किंवा चार हजार निटसाठी घडवलेले चित्र दाखवतो, तेव्हा प्रखर भाग आक्रसून बसवावे लागतात, आणि काही संच त्या नादात सगळेच चित्र खाली ओढतात. हा पर्याय दर दृश्यागणिक हिशेब करतो. चालू केला.

एक सावधगिरी. मामांनी आधीच ‘ब्राइटनेस’ वाढवून ठेवले होते. जुन्या बटणाची सवय! पण अनेक संचांत या नावाखाली काळ्याची पातळी बदलते. ती चढवली की काळोख करडा होतो, तपशील वाढत नाही. ती मूळ जागी आणली आणि बॅकलाइटचे वेगळे बटण पूर्ण वर नेले. टीव्हीला जोडलेली ओटीटी स्टिक सगळेच कार्यक्रम एचडीआरमध्ये ढकलत होती, साधे चित्रपटसुद्धा. तिला ‘मूळ आशयानुसार’ या पर्यायावर ठेवले. एवढे करूनही ज्या संचाचे समाधान होत नाही, त्याचा एचडीआर सरळ बंद करावा. कमी क्षमतेच्या पडद्यावर चांगले साधे चित्र हे कोंदट एचडीआरपेक्षा केव्हाही सरस.

रात्री मामांनी ट्यूब मालवली आणि टीव्हीच्या मागे एक छोटा पांढरा दिवा लावला, उजेड भिंतीवर पडेल आणि काचेत दिसणार नाही असा. झिरोच्या दिव्याचाच नवा अवतार. ‘तुंबाड’ लावला. पहिली पाच मिनिटे मामा कुरकुरले, मग गप्प झाले. मी पाणी प्यायला उठलो आणि स्टुलाला ठेचकाळलो, तेव्हा त्यांनी पडद्यावरची नजर न हलवता म्हटले, “अरे, प्रभातला तुझी मामी अशीच अडखळायची. थांब जरा, दिसेल.”