हामान कुणाच्या कुळातला?

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. खलनायकाच्या बाबतीत मात्र उलटं असतं. त्याचं कूळ लोक हौसेनं शोधतात आणि सापडलं नाही तर तयारही करतात. आज अशाच एका कुळाबद्दल बोलायचं आहे.

वारज्यापासून काही किलोमीटरवर, रास्ता पेठेत, सुक्कथ शेलोमो हे बेने इस्राएल समाजाचं सिनेगॉग आहे. हे आपले मराठी बोलणारे ज्यू. केहिमकर, पेणकर, रोहेकर अशी कोकणातल्या गावांवरून पडलेली त्यांची आडनावं. ज्यूंचा पुरीम हा सण साधारण आपल्या होळीच्या सुमारास येतो, म्हणून या समाजात त्याला जुन्या काळी ‘होळीचा सण’ असंच नाव होतं. त्या दिवशी एस्तेरचं पुस्तक वाचतात. वाचताना हामानाचं नाव आलं, की ते ऐकूच येऊ नये म्हणून गलका करायचा, अशी ज्यूंमधली प्रथा आहे.

कथा थोडक्यात सांगतो. इराणी साम्राज्याच्या शूशन राजधानीत हामान हा बडा सरदार. मर्दखय नावाचा ज्यू त्याच्यापुढे वाकत नाही, म्हणून राज्यातल्या सगळ्याच ज्यूंना मारायचा हुकूम हामान राजाकडून मिळवतो. मर्दखयची चुलतबहीण एस्तेर ही राणी असते. ती डाव उलटवते आणि हामान फासावर जातो.

आता कूळ बघा. हिब्रू पाठात त्याला ‘हम्मदाथाचा मुलगा, अगागी’ म्हटलंय. अगाग हा अमालेकी लोकांचा राजा. शौल राजानं त्याला जिवंत सोडलं आणि शमुवेल संदेष्ट्यानं मारलं, अशी कथा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, १५व्या अध्यायात आहे. शौल हा बन्यामीन वंशातला, कीशाचा मुलगा. आणि मर्दखयच्या वंशावळीत काय आहे? बन्यामीन आणि कीश! म्हणजे शूशनच्या दरबारातलं भांडण हे शौल आणि अगाग यांच्या जुन्या वैराचा पुढचा अंक झाला. अमालेकाची आठवण पुसून टाका, ही धर्माज्ञा पुरीमच्या आधीच्या शब्बाथला मुद्दाम वाचतात, ती याच नात्यामुळे.

पण हम्मदाथा हे नाव इराणी वळणाचं वाटतं. अमालेकी माणसाच्या बापाचं नाव असं कसं? एकोणिसाव्या शतकात ज्यूल ओपेर या फ्रेंच अभ्यासकानं वेगळाच धागा काढला. अश्शूरच्या सारगोन राजाच्या शिलालेखांत मीडियातल्या एका प्रदेशाचं नाव ‘अगाग’शी जुळतं, तेव्हा ‘अगागी’ म्हणजे त्या मुलखातला, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या कितीतरी आधी, एस्तेरचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा ‘अगागी’ शब्द गळालाच. त्या जागी एके ठिकाणी ‘बुगाई’ असा शब्द येतो, त्याचा अर्थ आजही वादात आहे. दुसरीकडे हामानाला चक्क मॅसिडोनियन ठरवलंय. इराणचं राज्य मॅसिडोनियाच्या घशात घालायचा त्याचा बेत होता, असा आरोपही आहे. हे भाषांतर अलेक्झांडरनंतरच्या काळातलं, हे ध्यानात घ्या. पुढे पहिल्या शतकात जोसेफस हा इतिहासकार त्याला पुन्हा अमालेकी करतो.

यातलं खरं कोणतं? एस्तेरचं पुस्तक ही इतिहासाच्या चौकटीत रचलेली कथा आहे, असं बरेच अभ्यासक मानतात. त्यामुळे या वंशावळीकडे जन्मदाखला म्हणून बघता येत नाही. एक मात्र दिसतं. ज्या काळात ज्याचं भय किंवा ज्याच्याशी वैर, त्याच्या घरात हामान जन्माला घातला गेला. वंशावळ हामानाबद्दल कमी सांगते, ती लिहिणाऱ्यांबद्दल जास्त.

हे नुसतं पुस्तकी नाही. बेने इस्राएल लोक इस्राएलला गेले, तेव्हा त्यांच्याच कुळाचा प्रश्न निघाला. शतकानुशतकं कोकणात वेगळे राहिलेले हे लोक. यांचे विवाह आणि घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का? १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बिनेटनं सूचना काढली, की या समाजातल्या कुणाचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं असेल, तर आई, आजी, शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. कोकणातल्या आजीच्या आजीचा कागद आणायचा कुठून? १९६४च्या उन्हाळ्यात समाजाच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. त्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेनं ठराव करून, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत, असं सांगितलं. नंतर रब्बिनेटनं सूचनेतून समाजाचं नाव काढलं.

म्हणजे कूळ विचारणं हे शत्रूपुरतं राहत नाही. एकदा सवय लागली, की ते घरातल्या माणसालाही विचारलं जातं.

ज्यू परंपरेला हा धोका दिसला नव्हता असं नाही. बाबिलोनी तालमूदात एक वाक्य सहज येऊन जातं: हामानाचे वंशज बने ब्राक गावी तोरा शिकत होते. ज्याच्या नावानं गलका करायचा, त्याचीच नातवंडं-पणतवंडं धर्मग्रंथ उघडून बसलेली. कुळावर माणूस ठरवू पाहणाऱ्याला एवढं एक वाक्य पुरेसं आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ या.