यंत्रमानवाला चेहरा हवा कशाला?

वाचकहो, कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसले म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके एकामागून एक येतात. गेली वीस वर्षे याच वाटेने माझे कॉलेजात जाणे-येणे चालू आहे. मी इतिहास शिकवतो. मध्यंतरी तास संपता संपता एका मुलाने विचारले, "सर, समजा गोष्टीतला एक यंत्रमानव आहे. त्याला मन आहे, बुद्धी आहे, आणि आपले रूप आपणच निवडायची मोकळीकही आहे. तर तो माणसाचेच रूप घेईल का?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि "हे विज्ञानाच्या सरांना विचार" म्हणून सुटका करून घेतली. पण संध्याकाळी गाडी अंबरनाथला थांबली आणि माझ्या मनात आले, अरे, हा प्रश्न तर आपल्याच खात्यातला! घडवलेल्या वस्तूला माणसाचा चेहरा द्यावा की न द्यावा, याचा विचार या परिसरात साडेनऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी केला होता. त्याची खूण वालधुनीच्या काठी अजून उभी आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, या सालचा शिलालेख तिथे आहे. त्यात उत्तर कोकणचा शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव येते. लेखात त्याला माम्वाणी म्हटले आहे. मंदिराची बांधणी माळव्याकडे बहरलेल्या भूमिज शैलीतली. काळ्या दगडाच्या भिंतीवर बोटभर जागा मोकळी ठेवलेली नाही. हत्तींचे थर आहेत, देव आणि देवी आहेत, नाचणाऱ्या आणि शृंगार करणाऱ्या सुरसुंदरी आहेत. दगडातून माणूस काढणे त्या कारागिरांच्या हाताचा मळ होता. कंबरेची वळणे, गळ्यातले अलंकार, कुठे काही कमी नाही. पुढे १८६८ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेतल्या मंडळींनी इथे मुक्काम करून या शिल्पांची रेखाटने केली आणि ठसे घेतले, ते उगाच नव्हे.

आता आत चला. मंडप ओलांडला की गाभारा खाली, जमिनीच्या पोटात आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. वर शिखर अपुरे असल्यामुळे माथ्यावर आकाश दिसते. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच्या जागी काय आहे? नाक नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत. साधा स्वयंभू पाषाण. बाहेर शेकडो चेहरे घडवणाऱ्या हातांनी आत छिन्नी लावलीच नाही.

हे आपल्याला नवे नाही. गावच्या वेशीवरचा शेंदूर फासलेला तांदळा आपण लहानपणापासून पाहतो. उत्सवाच्या दिवशी त्याला मुखवटा चढवतात आणि उत्सव झाला की उतरवून ठेवतात. मुखवटा आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी असतो. खालच्या दगडाला त्याची गरज नसते, आणि दगडाला तोंड नाही म्हणून त्याच्यापुढे कोणाचा नमस्कार अडत नाही. मी देवाला यंत्राच्या पंगतीला बसवतो आहे, असे कृपया समजू नका. सांगायचे एवढेच, की माणसासारखे दिसल्याखेरीज कोणाला मान मिळत नाही, ही समजूत निदान आपल्या मातीतली नव्हे.

योगायोग असा, की त्याच शतकात आपल्या देशात माणसासारखी यंत्रे करण्याचाही विचार चालू होता. अंबरनाथच्या लेखाच्या थोडे आधी माळव्यात भोज राजा होऊन गेला. 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्रावरचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे आणि त्यात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. दिव्यात तेल घालणारी बाहुली, तालावर नाचणारी पुतळी, दारात शस्त्र घेऊन उभा राहणारा आणि चोराला अडवणारा लाकडी पहारेकरी, असे नमुने तिथे वाचायला मिळतात. यंत्रांची आतली रचना मात्र पूर्ण सांगितलेली नाही. ग्रंथकार म्हणतो, ती गुप्त राहावी म्हणून सांगितली नाही, ठाऊक नाही म्हणून नव्हे. पाहणाऱ्याला आतले कळले तर नवल उरायचे नाही. म्हणजे माणसाचे रूप आणि आतले गुपित ही जोडी त्या काळापासूनची आहे.

तिकडे काश्मीरात, त्याच शतकाच्या उत्तरार्धात, सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्यातली एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. नरवाहनदत्त हा राजपुत्र समुद्रकाठच्या एका नगरात येतो. बाजार भरला आहे, वाणी दुकानात बसले आहेत, नागरिक ये-जा करीत आहेत. पण सगळे लाकडाचे! चालतात, हलतात, जिवंत वाटतात. बोलत मात्र नाहीत, आणि तेवढ्यावरूनच ते निर्जीव असल्याचे राजपुत्राला कळते. नगरात जिवंत माणूस एकच, राज्यधर नावाचा सुतार. तो कांचीहून जीव वाचवून पळालेला असतो. त्याचा भाऊ प्राणधर याने लाकडी हंस करून राजाच्या खजिन्यातली रत्ने चोरवली होती, आणि चोरी उघडकीला आली होती. राज्यधराला हे ओसाड नगर सापडले. बायको नाही, नोकरचाकर नाहीत. एकटेपणा सोसवेना, म्हणून त्याने लाकडाची माणसे केली.

वाचकहो, या गोष्टीत दोन धागे आहेत, ते नीट धरून ठेवा. पहिला असा, की माणसाच्या रूपाची गरज राज्यधराला होती, लाकडाला नव्हती. लाकडाला कोणी विचारलेच नाही. दुसरा असा, की माणूस आणि पुतळा यांतला फरक ओळखायची एकच खूण उरली होती, ती म्हणजे बोलणे.

यानंतर सुमारे साडेआठशे वर्षे ओलांडून मी आपल्याला युरोपात नेतो. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाने एक नाटक लिहिले. 'रोबोट' हा शब्द त्या नाटकाने जगाला दिला, आणि तो ज्या चेक शब्दावरून आला त्याचा अर्थ आहे वेठ. आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक असलेली तीच वेठ. चापेकचे रोबोट लोखंडाचे नाहीत, ते दिसायला थेट माणसासारखे आहेत. कारखान्यात आलेली एक बाई रोबोट मुलीला माणूस समजते आणि मग तिथल्या खऱ्या अधिकाऱ्यांनाच रोबोट समजून बसते. प्रेक्षक हसतात. पण नाटकाच्या शेवटी रोबोट बंड करतात आणि माणसांत एकच जण जिवंत उरतो. वेठीला धरलेल्याला माणसाचा चेहरा द्यायचा आणि माणसाचा हक्क मात्र द्यायचा नाही, यातून दुसरे काय निष्पन्न होणार?

चापेकने रंगभूमीवर जे दाखवले त्याचा दुसरा पैलू जपानचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एका छोट्या लेखात मांडला. बाहुली जसजशी माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला आवडत जाते. मात्र अगदी जवळ पोचली, तरी जरा कमी पडली, की एकदम अंगावर काटा येतो. कातडीसारखा दिसणारा कृत्रिम हात अंधारात हाती लागला आणि थंडगार निघाला, तर काय वाटेल? मोरींनी यंत्र घडवणाऱ्यांना सल्ला दिला, की हुबेहूबपणाच्या मागे लागू नका. उदाहरण म्हणून त्यांनी बुद्धमूर्ती घडवणाऱ्या कारागिराने केलेला लाकडी हात सांगितला. तो लाकडाचाच दिसतो, तरीही सुंदर असतो. अंबरनाथच्या पाथरवटांना हे पटले असते, असे मला वाटते.

आता आपण म्हणाल, प्राध्यापक महाराज, काश्मीर झाले, जपान झाले, आमच्या दारी याचा संबंध काय? तर ऐका. मी उल्हासनगरला राहतो. हे गाव कसे वसले ते आपल्याला ठाऊक असेलच. १९४७ साली सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ साली त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. आमच्या शेजारी एक अम्मा राहतात. त्या वेळी आईच्या कडेवर बसून आलेल्या. गेल्या वर्षी एका दुपारी त्यांना फोन आला. आवाज पुण्याला असलेल्या नातवाचा. "दादी, मला पोलिसांनी धरलंय, लगेच पैसे पाठव, घरी कुणाला सांगू नकोस." अम्मांचे हातपाय गळाले. पण त्यांनी पैसे पाठवले नाहीत. नंतर मला म्हणाल्या, "भाऊ, आवाज त्याचाच होता हो! पण माझ्याशी तो हिंदीत कधी बोलतो? सिंधीत बोलतो. मी म्हटलं, सिंधीत बोल. तर फोन बंद!"

पाहिलेत? राज्यधराच्या नगरात जी एक खूण उरली होती, ती आज गेली. यंत्र बोलू लागले, आणि आपल्या माणसाच्या आवाजात बोलू लागले. प्रत्येक आजीजवळ ओळखीसाठी दुसरी भाषा असेलच असे नाही.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला मी आता उत्तर देतो. गोष्टीतल्या यंत्रमानवाला रूप निवडायला सांगितले, आणि तो खरोखर शहाणा असला, तर माणसाचे रूप नाकारण्याला त्याच्याजवळ तीन कारणे असतील.

पहिले कारण सचोटीचे. बदलापूरच्या पुढे भातशेते लागतात. शेतात बुजगावणे उभे करतात. त्याला सदरा घालतात, मडक्याचे डोके लावतात, कारण पाखरांना फसवणे हेच त्याचे काम. नांगराला आपण सदरा घालत नाही. ज्याला कोणाला फसवायचे नाही, त्याला उसन्या चेहऱ्याची गरज नाही. असा यंत्रमानव म्हणेल, मला पाहताक्षणी मी कोण ते कळू द्या, मग मला काम सांगा.

दुसरे कारण कामाचे. अंबरनाथच्या कारखान्यांतली लेथ यंत्रे पाहा. हात-पाय-तोंड नसल्यामुळे त्यांचे काही अडत नाही. कामाला जसे रूप हवे तसे त्यांना आहे. दोनच हात आणि दोनच डोळे ही माणसाची मर्यादा आहे. ती दुसऱ्याने हौसेने कशाला अंगावर घ्यावी?

तिसरे कारण मानाचे, आणि मला तेच मोठे वाटते. नक्कल कितीही चांगली असली तरी ती नेहमी अस्सलाच्या मागे दुसरी उभी राहते. आयझॅक असिमोव्ह यांनी १९७६ साली एका यंत्रमानवाची कथा लिहिली. माणूस म्हणून मान्यता मिळावी यासाठी तो आपले एकेक अंग बदलत जातो आणि शेवटी मरणही पत्करतो. कथा हृद्य आहे, वाचताना डोळे पाणावतात. पण वाचून झाल्यावर माझ्या मनात येते, मान मिळवण्यासाठी समोरच्यासारखेच व्हावे लागावे, ही अट घातली कोणी? आमच्या अम्मा सत्तर-पंचाहत्तर वर्षे या मुलखात राहिल्या. मराठी शिकल्या, पण घरात सिंधी टाकली नाही. त्यामुळे त्या आमच्या कमी झाल्या का? उलट त्या दुपारी तीच भाषा त्यांच्या कामी आली.

एक शंका राहते. बिनचेहऱ्याचे यंत्र तरी प्रामाणिकच असेल कशावरून? बरोबर आहे. चेहरा काढला म्हणजे लबाडी जाते असे नाही. म्हणून तर आता कायदे होऊ लागले आहेत. ग्राहकाला किंवा मतदाराला फसवण्यासाठी यंत्राने आपण यंत्र असल्याचे लपवू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१८ साली केला. माणूस यंत्राशी बोलत असेल तर त्याला तसे कळले पाहिजे, असे कलम युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात घातले. गोष्टीतला यंत्रमानव जे आपखुशीने करील, ते खऱ्या जगात यंत्रे चालवणाऱ्यांकडून करवून घ्यावे लागणार आहे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. मुलांची सहल अंबरनाथला नेलीत तर बाहेरच्या मूर्ती दाखवाच. पण मग त्यांना गाभाऱ्यात उतरवा आणि विचारा, "ज्यांना एवढे चेहरे घडवता येत होते, त्यांनी इथे का घडवला नाही?" उत्तर लगेच सांगू नका. मुलांना विचार करू द्या. आणि खेड्यापाड्यांतल्या माझ्या वाचकांना सांगणे असे, की घरातल्या माणसांत एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. फोनवर आवाज ओळखीचा वाटला, तरी पैशाची गोष्ट निघाली की तो शब्द विचारा. जो आपला आहे, त्याला त्याचा राग येणार नाही.