दासोह

दासोह : स्वार्थत्यागाची वृत्ती आणि तिचा नित्य आचार सांगणारी लिंगायत परंपरेतील संज्ञा. कमठाणा, बसवकल्याण, कलबुर्गी या मराठी-कन्नड सीमाभागात आज ती मुख्यतः मठ-मंदिरांतील अन्नदानाला लावतात. मूळ अर्थ मात्र व्यापक आहे.

व्युत्पत्ती : संस्कृत दासः + अहम् = दासोऽहम्, ‘मी दास आहे’. ‘सोऽहम्’ म्हणजे ‘तो मीच’; आरंभी एक ‘दा’ येताच ‘मी’पणा गळून सेवाभाव उरतो.

इतिहास : बाराव्या शतकात कल्याण (आजचे बसवकल्याण, जि. बीदर) येथे समाजसुधारक बसवण्णा व शरणांनी (त्यांच्या सहकारी शिवभक्तांनी) ‘कायक’ (श्रम) आणि दासोह यांची जोड घातली. कष्टाने मिळवावे, गरजेपुरते ठेवावे, उरलेले समाजाला अर्पावे. तन गुरूला, मन लिंगाला, धन जंगमाला (फिरत्या धर्मोपदेशकाला), हा त्रिविध दासोह.

याच शरणांपैकी आय्दक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून दासोह करी. एकदा त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्माने ते परत टाकून यायला लावले, अशी कथा आहे.

दान देणारा दाता ठरतो, दासोह करणारा दासच राहतो. या शब्दाची थोरवी यातच आहे.