नंदनवनाची ओढ : ‘अवतार’ चित्रपट आणि ख्रिस्ती समीक्षा

डिसेंबर २००९ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ हा विज्ञानचित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील पँडोरा ह्या काल्पनिक उपग्रहावरचे तेजोमय अरण्य पाहून परतलेल्या काही प्रेक्षकांना आपली पृथ्वी निस्तेज वाटू लागली. असे जग आपल्या वाट्यास कधीच यावयाचे नाही, ह्या जाणिवेने त्यांना विषण्णता आली. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकन वृत्तमाध्यमांनी ही वार्ता दिली. धर्मचिंतकाने विचार करावा अशी घटना खरे पाहता हीच होती. ख्रिस्ती समीक्षेचे लक्ष मात्र प्रथम दुसरीकडे गेले.

व्हॅटिकनचे दैनिक व नभोवाणी यांनी चित्रतंत्राची वाखाणणी केली, पण निसर्गालाच देवत्व देण्याच्या प्रवृत्तीविषयी नापसंती दर्शविली. अमेरिकेत रॉस डाउथट ह्या कॅथलिक स्तंभलेखकानेही चित्रपटावर सर्वेश्वरवादाचा आक्षेप घेतला होता. आक्षेप निराधार नव्हता. पँडोराची एवा ही देवता सृष्टीहून वेगळी नाहीच. तथापि प्रेक्षकांना एवाची उपासना करावयाची नव्हती. त्यांना त्या अरण्यात राहावयाचे होते.

ह्या ओढीचा इतिहास ‘पॅराडाइस’ ह्या शब्दातच साठलेला आहे. मूळ इराणी शब्दाचा अर्थ ‘भोवती भिंत घातलेली जागा’. झेनोफनने तो पारसीक राजांच्या उद्यानांसाठी व मृगयावनांसाठी ग्रीकमध्ये वापरला, पुढे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास हिब्रू धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी तोच एदेन बागेस लाविला. राजाचे शिकारीचे रान अशा रीतीने मानवाचे पहिले घर झाले! भिंत मात्र राहिली. आदाम व हव्वा बाहेर घालविली गेली, आणि वाटेवर ज्वालामय खड्गाचा पहारा बसला. फादर स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराणात (१६१६) स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटले. पुढील मराठी बायबलात ‘सुखलोक’ आला. दोन्ही शब्द सुखाचे द्योतक खरे, पण त्यांच्या अर्थात कुंपण नाही. म्हणून कुंपणाबाहेर पडल्याची वेदनाही नाही.

बायबलाचा शेवट मात्र त्या बागेत परतून होत नाही. प्रकटीकरणाच्या अखेरीस येते ते नगर. जीवनवृक्ष त्या नगरात आहे, आणि त्याच्या वेशी कधी बंद होत नाहीत. ओढीची दिशा मागे नसून पुढे आहे. ‘अवतार’चा नायक जेक सली हा पांगळा सैनिक, तो आपले शरीर व आपली यंत्रसंस्कृती दोन्ही टाकून अरण्यवासी होतो. सी. एस. लुइस यांच्या ‘पेरेलँड्रा’ (१९४३) ह्या कादंबरीतील रॅन्सम शुक्रावरील निष्पाप जग पाहतो, परंतु त्याला पृथ्वीवर परतावे लागते. लुइस यांनी १९४१ च्या ऑक्सफर्डमधील प्रवचनात ह्याचे मर्म सांगितले होते : ज्या सुंदर वस्तूंतून ओढ जाणवते त्या वस्तू म्हणजे तिचे उद्दिष्ट नव्हे, त्यांनाच उद्दिष्ट मानले की त्या मूर्ती होऊन बसतात आणि भक्ताचा हिरमोड करतात. २०१० मधील विषण्णतेचे निदान व्हॅटिकनच्या परीक्षणांपेक्षा ह्या जुन्या प्रवचनात अधिक नेमके सापडते.

पँडोरावासीयांसाठी पॉल फ्रॉमर ह्या भाषाशास्त्रज्ञाने नावी ही भाषा रचली होती. चित्रपट पाहून कित्येक जण तिचे व्याकरण अभ्यासू लागले, आणि जो देश कोठेच नाही त्याच्या भाषेत एकमेकांशी बोलूही लागले.